जुने टेलिफोटो भिंग : एक भिंग, दोन कामे

फुलपाखराचे छायाचित्र घ्यायला निघालेल्या माणसाची पहिली अडचण म्हणजे खुद्द फुलपाखरू. कॅमेरा घेऊन हातभर अंतरावर जावे, की ते उडालेच! कपाशीच्या बोंडातली अळी उडत नाही हे खरे, पण तिच्यावर आपलीच सावली पडते. जवळच्या चित्रांसाठी खास ‘मॅक्रो’ भिंगे मिळतात. मात्र त्यांची किंमत शिक्षकाच्या खिशाला सहसा परवडत नाही. अशा वेळी जुन्या बाजारातले एखादे स्वस्त टेलिफोटो भिंग उपयोगी पडते. ते कसे, हे आज पाहू.

१९६० ते १९८० या काळात जपान, पूर्व जर्मनी आणि सोव्हिएत संघ या देशांत १३५ मिलिमीटर नाभीय अंतराची भिंगे फार मोठ्या संख्येने तयार झाली. त्यांतल्या पुष्कळांच्या बुडाला ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे असतात. पुढे झूम भिंगे आली, आपोआप फोकस करणारे कॅमेरे आले आणि ही भिंगे कपाटात गेली. आता आरसा नसलेले नवे कॅमेरे निघाले आहेत. त्यांवर अडॅप्टर नावाचे एक कडे चढवले, की जुने भिंग पुन्हा कामाला लागते. फोकस मात्र हाताने करावा लागतो. शिवाय, भिंग लावलेले नसतानाही फोटो काढू देण्याची सोय कॅमेऱ्यात असते, ती चालू करावी लागते.

या भिंगांत दोन उणिवा असतात. पहिली ही, की त्यांना अगदी जवळचे दिसत नाही. दीड मीटरच्या आत आले की बहुतेकांचा फोकस संपतो. तेवढ्या अंतरावरून सहा सेंटिमीटरचे फुलपाखरू ३६ मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत जेमतेम पावणेसात मिलिमीटरचे उमटते.

यावर उपाय काय? शाळेतला भिंगाचा प्रयोग आठवा. दूरच्या खिडकीची प्रतिमा भिंगाच्या जवळच्या पडद्यावर पडते. मेणबत्ती भिंगाजवळ आणली, की पडदा मागे सरकवावा लागतो. इथेही तेच करायचे. भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये पोकळ कडी बसवायची. या कड्यांना ‘एक्स्टेन्शन ट्यूब’ म्हणतात. आत काच नसल्यामुळे ती स्वस्त असतात.

आता थोडा हिशेब. १३५ च्या भिंगामागे ४५ मिलिमीटर जाडीची कडी बसवली, तर भिंग दूरच्या फोकसवर ठेवूनही प्रतिमा वस्तूच्या एकतृतीयांश होते, म्हणजे तेच फुलपाखरू २० मिलिमीटरचे! आणि भिंगापासून वस्तू किती लांब? सुमारे ५४ सेंटिमीटर. नेहमीच्या ५० मिलिमीटरच्या भिंगाने एवढीच प्रतिमा मिळवायची, तर २० सेंटिमीटरवर जावे लागेल. लांब भिंगाचा खरा फायदा हाच, बरं का! फुलपाखरू दचकत नाही आणि आपली सावलीही आड येत नाही.

दुसरी उणीव अशी, की झरोका पूर्ण उघडला तर चित्र मऊ येते. भिंगाच्या कडेतून आलेले किरण आणि मधून आलेले किरण एकाच बिंदूत मिळत नाहीत. त्यामुळे रेषा दिसते, पण तिच्याभोवती धूसर प्रभा पसरते. मागे कडी बसवली, की हा दोष बहुधा आणखी वाढतो. कारण ही भिंगे दूरच्या वस्तूंसाठी आखलेली असतात.

पण हा दोष नेहमीच टाकाऊ असतो असे नाही. १८१५ मध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंनी १८६० नंतर इंग्लंडमध्ये काढलेल्या व्यक्तिचित्रांत हाच मऊपणा हौसेने जपला. आजीच्या सुरकुतलेल्या चेहऱ्याला किंवा दवात भिजलेल्या फुलाला तो शोभून दिसतो. मात्र अळी ओळखण्यासाठी कृषी अधिकाऱ्याकडे चित्र पाठवायचे असेल, तर मऊपणा काय कामाचा? तिथे अळीच्या अंगावरचा ठिपका दिसलाच पाहिजे. धूसर चित्रावरून चुकीचे औषध फवारले गेले, तर नुकसान शेतकऱ्याचे.

म्हणून झरोक्याचे कडे फिरवण्यापूर्वी हे चित्र कशासाठी, ते ठरवा. कडे २.८ वर ठेवले तर चित्र मऊ येईल, आणि वरच्या मापात जेमतेम दोन मिलिमीटर खोलीच स्पष्ट दिसेल. ११ वर आणले, की कडेचे किरण अडतात, चित्र रेखीव होते आणि ही खोली आठ मिलिमीटरपर्यंत जाते. पण प्रकाश कमी पडतो आणि उघडझाप मंद होते. तेव्हा कॅमेरा हातात न धरता तिपाईवर किंवा वाळूच्या पिशवीवर टेकवा. ज्या आकड्यावर चित्र घ्यायचे, त्याच आकड्यावर फोकस करा; कारण या भिंगांत झरोका लहान केल्यावर फोकस किंचित सरकतो. भिंगावर ‘ए’ आणि ‘एम’ अशी कळ असेल, तर ती ‘एम’वर ठेवा; नाहीतर कडे फिरवूनही झरोका उघडाच राहील.

विकत घेताना मागून विजेरीचा प्रकाश टाकून भिंगात पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर घेऊ नका. झरोक्याच्या पात्यांवर तेल नसावे, आणि फोकसचे कडे सहज फिरावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, भिंग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. आणि एक सक्त सूचना : अशा भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नका, मुलांनाही पाहू देऊ नका. डोळा कायमचा जाऊ शकतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेच्या व्हरांड्यात एक सोपा प्रयोग करा. जास्वंदीचे एकच फूल घ्या. एक चित्र २.८ वर काढा, दुसरे ११ वर. दोन्ही फळ्याशेजारी लावा आणि मुलांना विचारा, परागकण मोजायला कोणते घ्याल, आणि भेटकार्डासाठी कोणते? भिंगाचा धडा मुलांना त्या दोन चित्रांतून समजेल.