कुठलं पनवेल? विकिडेटाला प्रश्न विचारताना

(पनवेल इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. पडद्यावर जे लिहून दाखवलं, ते इथे शब्दांत आणलं आहे.)



आज आपण ब्राउझर उघडून एका प्रचंड माहितीसाठ्याला प्रश्न कसे विचारायचे ते बघणार आहोत. काही बसवून घ्यायचं नाही, खातं उघडायचं नाही, पैसे भरायचे नाहीत. मोबाइलवरही हे पान उघडतं, पण पहिल्या दिवशी लॅपटॉप बरा. मोबाइलच्या कीबोर्डवर महिरपी कंस शोधता शोधता माणूस प्रश्नच विसरतो. आणि एक भीती आधीच काढून टाकू: या पानावर तुम्ही काहीही लिहिलंत तरी साठ्यातलं काही पुसलं जात नाही. इथे फक्त विचारता येतं. तेव्हा बिनधास्त चुका करा.

साठ्याचं नाव विकिडेटा. तो २९ ऑक्टोबर २०१२ ला सुरू झाला. विकिपीडियावर लेख असतात, माणसाने वाचायचे. विकिडेटावर लेख नसतात, सुट्या नोंदी असतात आणि त्या यंत्रालाही वाचता येतात. आज अशा अकरा कोटींहून जास्त गोष्टी तिथे आहेत, आणि ती माहिती कुणीही, कशासाठीही वापरू शकतं. तिला प्रश्न विचारायचं पान म्हणजे विकिडेटा क्वेरी सर्व्हिस. पत्ता सोपा आहे: क्वेरी डॉट विकिडेटा डॉट ऑर्ग. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. प्रश्नाच्या भाषेला स्पार्कल म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. निदान पहिल्या तासापुरतं तरी ते सातवीच्या व्याकरणापेक्षा अवघड नाही.

प्रश्न आपल्या घरचाच घेऊ. आपल्या भागात कोण कोण जन्मलं?

विकिडेटात प्रत्येक माहिती तीन तुकड्यांत ठेवलेली असते. कोण, कोणतं नातं, काय. ‘वासुदेव बळवंत फडके, जन्मस्थळ, शिरढोण.’ ‘शिरढोण, कोणत्या प्रशासकीय विभागात, पनवेल तालुका.’ झालं. आता यातला एखादा तुकडा माहीत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह लावून एक नाव द्यायचं:

?व्यक्ती — जन्मस्थळ — पनवेल

याचा अर्थ ‘अशा सगळ्या व्यक्ती दे, ज्यांचं जन्मस्थळ पनवेल आहे.’ बाकीचं सगळं याचाच विस्तार. एक गंमत सांगतो: प्रश्नचिन्हापुढचं नाव देवनागरीत लिहिलं तरी स्पार्कलच्या नियमांत बसतं. ‘?व्यक्ती’, ‘?गाव’ खुशाल लिहा.

जन्मस्थळ, विभाग वगैरे नात्यांना मात्र तिथे क्रमांक आहेत. जन्मस्थळ म्हणजे पी १९, प्रशासकीय विभाग म्हणजे पी १३१, नकाशावरचे अक्षांश-रेखांश म्हणजे पी ६२५. वस्तूंना क्यू क्रमांक: माणूस म्हणजे क्यू ५, महाराष्ट्र म्हणजे क्यू ११९१. हे पाठ करायचे नाहीत! गोष्टीच्या आधी डब्ल्यूडी आणि नात्याच्या आधी डब्ल्यूडीटी लिहायचं, मग विसर्गासारखे दोन टिंब, आणि कंट्रोल व स्पेस या कळा एकत्र दाबून शब्द टाइप करायचा. यादी समोर येते, त्यातलं निवडायचं. लिहून झालं की निळं बटण दाबा, किंवा कंट्रोल आणि एंटर.

पण आत्ताच यादीतलं ‘निवडायचं’ म्हटलं ना, तिथेच खरी गोम आहे. पनवेल टाइप केलंत की समोर अनेक पनवेल येतात. एक शहर. एक तालुका. एक रेल्वे स्टेशन. एक विधानसभा मतदारसंघ, आपला १८८ क्रमांकाचा. १ ऑक्टोबर २०१६ ला झालेली महानगरपालिका ही आणखी वेगळी वस्तू, कारण संस्था म्हणजे गाव नव्हे. आपण बोलताना हा फरक करत नाही. ‘मी पनवेलचा’ म्हणणारा माणूस खांदा कॉलनीचा असतो, नाहीतर पळस्प्याचा. ऐकणाऱ्याला कळतं, कारण तो तुम्हाला बघत असतो. यंत्र बघत नाही. चुकून स्टेशन निवडलंत तर ते इमानेइतबारे प्लॅटफॉर्मवर जन्मलेल्यांची यादी शोधेल आणि शून्य उत्तरं देईल.

रायगडचं तर विचारूच नका. रायगड किल्ला आणि रायगड जिल्हा. कुलाबा किल्ला आणि जुना कुलाबा जिल्हा. शिरढोणही एकच नाही, शिरोळ तालुक्यातही शिरढोण आहे. म्हणून निवडलेल्या क्रमांकावर माउस नेऊन ठेवायचा आणि खाली दिसणारं वर्णन वाचायचं. हा अर्धा सेकंद वाचवू नका. गावांच्या बाबतीत आणखी एक आधार आहे: बऱ्याच गावांच्या नोंदीत जनगणनेचा गाव-क्रमांक असतो. दोन शिरढोण नावाने सारखे, क्रमांकाने नाहीत.

बरं, समजा बरोबर शहर निवडलं. तरी ज्यांच्या नावाचं नाट्यगृह आपल्या शहरात उभं आहे ते फडके या प्रश्नाला सापडतील का? ते जन्मले ४ नोव्हेंबर १८४५ ला, शिरढोणला. नोंदीत ‘शिरढोण’ लिहिलेलं असेल आणि आपण ‘पनवेल’ विचारलं, तर ते यादीत येणार नाहीत. यंत्र खोटं बोललेलं नाही. आपण जे विचारलं त्याचंच उत्तर दिलं. आपल्याला हवा होता तो प्रश्न दोन ओळींचा आहे:

?व्यक्ती — जन्मस्थळ — ?ठिकाण
?ठिकाण — प्रशासकीय विभाग * — पनवेल तालुका

तो तारा महत्त्वाचा. त्याचा अर्थ ‘कितीही पायऱ्या चढ, एकही न चढलास तरी चालेल.’ गाव थेट तालुक्यात असो, नाहीतर गाव शहरात आणि शहर तालुक्यात असो, दोन्ही धरले जातात. आणि नोंद करणाऱ्याने आळस करून जन्मस्थळाच्या जागी नुसतं ‘पनवेल तालुका’ लिहिलं असेल, तर तेही. आता तालुक्याच्या जागी रायगड जिल्हा ठेवा. नोंदी नीट जोडलेल्या असतील तर पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा यायला हवेत, महाडजवळच्या नात्याचे चिंतामणराव देशमुख यायला हवेत. आले नाहीत, तर साखळीतला कुठला दुवा तुटलाय ते शोधायचं. आम्ही ही नावं मुद्दाम घेतली. उत्तर तपासायचं असेल तर ज्यांचं यायलाच हवं अशी दोन-तीन नावं आधी कागदावर लिहून ठेवा. यादी बघितल्यावर आठवायला गेलात तर यादीच खरी वाटायला लागते.

आमचीच फजिती सांगतो. आम्ही दोघं-तिघं पहिल्यांदा बसलो तेव्हा हौसेने तालुक्यातल्या गावांचा नकाशा करायला घेतला. प्रश्न सरळ होता: प्रकार गाव असलेलं, पनवेल तालुक्यातलं, आणि त्याचे अक्षांश-रेखांश. उत्तराच्या वरच्या पट्टीत तक्त्याऐवजी नकाशा निवडला की लाल ठिपके पडतात. फार सुंदर दिसतं. गाढीच्या काठाने ठिपके, कर्नाळ्याच्या खाली ठिपके. आम्ही खूश. तेवढ्यात आमच्यातला एक म्हणाला, माझं आजोळ कुठंय? नव्हतंच. गडी खरंच रुसला. म्हणाला, धरणात घातलंत काय गाव?

गाव साठ्यात होतं. त्याचे अक्षांश-रेखांश कुणी भरले नव्हते, एवढंच. आणि आपण जेव्हा तीन अटी घालतो, तेव्हा तिन्ही पुऱ्या करणाराच उत्तरात येतो. दोन पुऱ्या करणारा मुकाट्याने गळतो. तक्त्यात रिकामी चौकट राहत नाही, लाल अक्षरांत सूचना येत नाही, काही नाही. उपाय एका शब्दाचा आहे: ऑप्शनल. अक्षांश-रेखांशाची अट ऑप्शनल शब्दापुढच्या महिरपी कंसात टाकायची. म्हणजे ‘असतील तर दाखव, नसतील तरी गाव ठेव.’ मग तक्त्यात रिकाम्या चौकटी दिसायला लागतात, आणि खरं काम त्या चौकटींत असतं. नकाशावर मात्र त्या तरीही दिसणार नाहीत, ठिपका टाकायचा कुठे? म्हणून नकाशा शेवटी, तक्ता आधी.

टंकनाच्या चुकांचं थोडक्यात सांगतो, कारण त्या निरुपद्रवी असतात. ओळीच्या शेवटचं टिंब विसरलं, कंस बंद केला नाही, तर यंत्र लगेच तक्रार करतं. साठ सेकंदांत उत्तर निघालं नाही तर प्रश्न मध्येच तोडला जातो. ‘जगातली सगळी माणसं दे’ असं विचारू नका. सुरुवातीला शेवटी लिमिट लिहून १०० आकडा टाका. ज्या चुकीची तक्रार येते तिची काळजी नाही.

नावांचं जरा सांगायला हवं. उत्तरात क्यू क्रमांक दिसायला लागले तर लेबलची ओळ जोडायची राहिली आहे. ती डाव्या बाजूच्या उदाहरणांमधून उचला, आणि भाषेच्या जागी आधी मराठीचा संकेत, मग इंग्रजीचा. मराठी नाव असेल तर मराठी, नसेल तर इंग्रजी. मग जी गावं इंग्रजीत दिसतील ती मोजा. त्यांची मराठी नावं भरायला आपल्यापेक्षा योग्य कोण? रोमनमधलं लिहिलेलं वाचून बाहेरचा माणूस ‘शिरधोन’ करून ठेवतो. ‘तळोजा’ का ‘तळोजे’, ‘उलवे’ का ‘उळवे’, यावर भांडायचं कारण नाही. एक मुख्य नाव, बाकीची पर्यायी नावं म्हणून; सगळ्यांनी शोध लागतो.

आता जरा कठीण भाग. चहा आणखी पाच मिनिटांनी.

फडक्यांच्या जन्मावेळी पनवेल कुठल्या जिल्ह्यात होतं? रायगड म्हणाल तर चूक, कुलाबाही चूक. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये पनवेल आहे. नंतर ते कुलाब्यात गेलं, आणि कुलाब्याचं नाव रायगड झालं १९८१ मध्ये. विकिडेटात हे तिन्ही ठेवता येतं. एकाच नात्याची अनेक विधानं, प्रत्येकाला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ अशा तारखा. त्यातल्या चालू विधानाला वरचा दर्जा देता येतो.

आणि इथे ते डब्ल्यूडीटी आपल्याला फसवतं. तो जवळचा रस्ता आहे. एखाद्या विधानाला वरचा दर्जा दिलेला असेल, तर तो तेवढंच दाखवतो. बाकीची, जुनी, खरी विधानं तो दाखवत नाही. तारखा तर कधीच दाखवत नाही. म्हणजे साठ्यात ठाणं असूनही तुम्हाला दिसणार फक्त रायगड. इतिहास विचारायचा असेल तर लांबचा रस्ता घ्यायचा: आधी ‘पी’ उपसर्गाने विधानापर्यंत जायचं, मग ‘पीएस’ने त्या विधानातली किंमत काढायची, ‘पीक्यू’ने तारखा. तीन ओळी जास्त लिहाव्या लागतात. बहुतेक शिकवण्यांमध्ये हा भाग ‘पुढच्या पायरीचा’ म्हणून शेवटी टाकतात. आम्हाला ते पटत नाही. ज्या जिल्ह्याचं नाव आणि ज्या तालुक्याचा जिल्हा बदललाय, तिथल्या माणसाला ही पहिल्याच दिवशीची गरज आहे.

(यानंतर प्रश्नोत्तरं झाली. त्यातला एक प्रश्न इथे देत आहोत.)

मागच्या रांगेतल्या एका ताईंनी विचारलं: “आमचं गाव विमानतळात गेलं. घरं पाडली, आम्हाला वडघरला आणलं. आता गाव नाही. मग तुमच्या यादीत ते ठेवायचं की काढायचं?”

ताई, काढायचं नाही. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं उठली. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, वरचे ओवळे, वाघिवली, वाघिवली वाडा, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे. विमानं उडायला लागली २०२५ च्या डिसेंबरमध्ये. त्या गावांत जन्मलेली माणसं हयात आहेत, आणि त्यांचं जन्मस्थळ बदलत नाही. गावाची नोंद पुसली तर त्या माणसांच्या नोंदीचं दुसरं टोक तुटतं, आणि मघाशी पाहिलेला तो तारा तिथेच अडखळतो. तुमच्या गावातला एखादा उद्या मोठा झाला, तर पनवेल तालुक्याच्या यादीत तो येणारच नाही.

करायचं असं: नोंद राहू द्यायची. तिला ‘कधीपर्यंत’ची तारीख द्यायची. अक्षांश-रेखांश जुन्या जागेचेच ठेवायचे, धावपट्टीवर ठिपका पडला तरी पडू दे. वसाहतीची नोंद वेगळी करायची आणि दोन्ही एकमेकींना जोडायच्या. एकात एक मिसळायच्या नाहीत. तारखेला आधार लागेल, आमच्या-तुमच्या आठवणीचा चालत नाही. सरकारी अधिसूचना, जनगणनेची गावयादी, वर्तमानपत्रातली बातमी, यांपैकी काहीतरी. आणि दहाही गावांची तारीख एकच धरू नका, सगळी एका दिवशी उठलेली नाहीत.

नोंद करायला मात्र खातं असलेलं बरं, ते दोन मिनिटांत होतं. ताई, तुमच्याकडे नोटिशीचा कागद असेल तर त्यावरचा अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख पुढच्या वेळी लिहून आणा. गावाचं नाव तुम्ही कसं म्हणता, तेही. आम्ही लॅपटॉप घेऊन इथेच असू, एक एक गाव बसून करू. चला, चहा घ्या.