‘टिन कप’चा शेवट : धैर्य की हट्ट?

खेळावरील चित्रपटांचा शेवट बहुधा ठरलेला असतो. हरत आलेला नायक अखेरच्या क्षणी जिंकतो, नायिका धावत येऊन त्याला मिठी मारते आणि टाळ्यांच्या गजरात पडद्यावर नामावली सरकू लागते. रॉन शेल्टन दिग्दर्शित ‘टिन कप’ या गोल्फवरील प्रेमविनोदी चित्रपटात टाळ्या आहेत, मिठीही आहे. विजय मात्र नाही. ऑगस्ट १९९६ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाविषयी प्रेक्षकांची मते आजही दुभंगलेली आहेत, ती प्रामुख्याने याच कारणाने. शेवटच्या काही मिनिटांत नायक जे करतो, त्याला कोणी धैर्य म्हणते, तर कोणी शुद्ध मूर्खपणा. हा मतभेद नेमका कशाविषयी आहे, हे समजून घ्यायचे तर चित्रपटाच्या कथेइतकेच गोल्फच्या अंकगणितातही थोडे शिरावे लागते.

रॉय मॅकव्हॉय (केव्हिन कॉस्टनर) हा पश्चिम टेक्सासमधील सलोम नावाच्या आडगावी एक मोडकळीला आलेली ‘ड्रायव्हिंग रेंज’, म्हणजे फटक्यांच्या सरावाचे मैदान, चालवतो. हातात उपजत कौशल्य आहे. पण दारू, पैजा आणि कर्ज यांतून डोके वर निघत नाही. सोबतीला रोमिओ (चीच मरिन) हा मित्र आणि कॅडी. अशा वेळी डॉ. मॉली ग्रिसवोल्ड (रेने रुसो) ही मानसोपचारतज्ज्ञ गोल्फ शिकायला येते. ती डेव्हिड सिम्स (डॉन जॉन्सन) याची मैत्रीण निघते. सिम्स हा रॉयचा महाविद्यालयीन काळातील सहकारी, आता यशस्वी आणि श्रीमंत व्यावसायिक खेळाडू. मॉलीचे मन जिंकण्यासाठी रॉय थेट ‘यूएस ओपन’ जिंकण्याचा संकल्प सोडतो. त्याने तिचा फटका सुधारायचा आणि तिने त्याचे मन, असा दोघांत सौदा ठरतो.

अशक्य वाटते, पण…

सराव मैदानावरचा एक कफल्लक शिक्षक अमेरिकेच्या सर्वांत प्रतिष्ठेच्या स्पर्धेत कसा उतरेल, हा अनेक प्रेक्षकांचा पहिला आक्षेप असतो. तो फारसा टिकत नाही. या स्पर्धेच्या नावातील ‘ओपन’ हा शब्द अक्षरशः खरा आहे. व्यावसायिक खेळाडूंना आणि ठरावीक दर्जा गाठलेल्या हौशी खेळाडूंना अर्ज भरून पात्रता फेऱ्यांतून मुख्य स्पर्धेत येता येते. अलीकडच्या वर्षांत असे दहा हजारांहून अधिक अर्ज आले आहेत. मुख्य स्पर्धेत जागा असतात सुमारे दीडशे. म्हणजे दार अरुंद आहे, पण बंद नाही.

दुसरा आक्षेप रॉयच्या दुसऱ्या दिवसाच्या ६२ फटक्यांवर घेतला जातो. चित्रपट आला तेव्हा यूएस ओपनमधील एका फेरीचा विक्रम ६३ फटक्यांचा होता. १९७३ मध्ये जॉनी मिलर याने तो गाठला होता. पहिल्या दिवशी ८३ फटके घेणाऱ्या माणसाने दुसऱ्या दिवशी हा विक्रम मोडावा, ही अर्थातच पटकथेची चैन. तथापि, ६२ हा आकडा आता काल्पनिक राहिलेला नाही. जून २०२३ मध्ये लॉस एंजलिस येथे रिकी फाउलर आणि झँडर शॉफली या दोघांनी यूएस ओपनमध्ये एकाच दिवशी ६२ फटक्यांत फेरी पूर्ण केली.

तेव्हा चित्रपटाची भिस्त केवळ चमत्कारांवर आहे, असे म्हणता येत नाही. खरी कसोटी शेवटच्या, अठराव्या होलपाशी लागते.

बारा फटक्यांचा हिशेब

गोल्फमध्ये प्रत्येक होलसाठी अपेक्षित फटक्यांची संख्या ठरलेली असते. तिला ‘पार’ म्हणतात. त्याहून एक फटका कमी लागला, तर ‘बर्डी’. चार दिवसांत ७२ होल खेळून ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी, तो विजेता. चेंडू पाण्यात गेला की एक फटका दंड म्हणून वाढतो. त्यानंतर खेळाडूला पुढे पाण्यालगतच्या ठरलेल्या जागेवरून खेळता येते, किंवा ज्या जागेवरून तो फटका मारला होता तेथूनच पुन्हा मारता येतो.

शेवटच्या दिवशी रॉय, सिम्स आणि पीटर जेकबसन या तिघांत विजेतेपदाची चुरस आहे आणि जेकबसन रॉयच्या बरोबरीत आहे. जेकबसन हा खऱ्या जगातील व्यावसायिक खेळाडू असून त्याने पडद्यावर स्वतःचीच भूमिका केली आहे. अठरावे होल ‘पार ५’चे आणि ग्रीनच्या अगदी पुढ्यात पाणी. येथे दोन मार्ग संभवतात. दुसऱ्या फटक्यात चेंडू पाण्याच्या अलीकडे थांबवायचा आणि तिसऱ्या फटक्यात निर्धास्तपणे ग्रीनवर न्यायचा, हा पहिला. सिम्स तोच पत्करतो. दुसऱ्याच फटक्यात पाणी ओलांडून ग्रीन गाठायचे, हा दुसरा. रॉय तो निवडतो.

चेंडू ग्रीनवर पोहोचतो, पण वाऱ्याची एक झुळूक येते आणि तो उतारावरून घरंगळत पाण्यात जातो. दोन फटके आणि एक दंड, असे तीन झाले. या क्षणी सारे संपलेले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. रॉयने पुढे जाऊन पाण्यालगत चेंडू ठेवला, चौथ्या फटक्यात ग्रीन गाठले आणि पाचव्यात चेंडू होलमध्ये घातला, तर ‘पार’ साधते आणि बरोबरी कायम राहते. त्या काळी यूएस ओपनमध्ये बरोबरी झाल्यास दुसऱ्या दिवशी पूर्ण १८ होलचा फेरसामना होत असे. २०१८ पासून त्याऐवजी दोन होलची पद्धत आली. म्हणजे विजयाचे दार उघडे आहे. रॉय मात्र दुसरा चेंडू मागतो आणि त्याच जागेवरून तोच फटका मारतो. चेंडू पाण्यात. पुन्हा तेच. असे पाच चेंडू पाण्यात जातात. सहावा चेंडू पिशवीतील शेवटचा. तोही गेला तर होल पूर्ण करायला चेंडूच उरणार नाही आणि खेळाडू बाद ठरेल. हा सहावा चेंडू पाणी ओलांडतो आणि थेट होलमध्ये जातो. एकूण फटके बारा. चषक जेकबसनकडे जातो.

कोण काय म्हणते?

प्रेक्षकांचा एक वर्ग येथे मनापासून चिडतो. ज्या माणसाला आयुष्यात एकदाच अशी संधी मिळाली, ज्याच्यासाठी रोमिओने इतके सोसले, त्याने अहंकारापोटी ती पाण्यात घालवावी, हे त्यांना पटत नाही. या मंडळींना सिम्स खलनायक वाटत नाही. तो उद्दाम असेल, पण मैदानावर तो जे करतो तेच प्रत्येक घरात मुलांना शिकवले जाते : हातातली संधी सांभाळा, जोखीम मोजून घ्या.

दुसरा वर्ग प्रत्यक्ष गोल्फ खेळणाऱ्यांचा. त्यांना या प्रसंगात स्वतःचा चेहरा दिसतो. फटका किंचित चुकला, पुढचा नक्की बसणार, हा भ्रम ज्याने अनुभवलेला नाही असा गोल्फपटू विरळा. शिवाय हा प्रसंग हवेतून आलेला नाही. माजी व्यावसायिक खेळाडू आणि समालोचक गॅरी मॅकॉर्ड हे चित्रपटाचे सल्लागार होते आणि १९८०च्या दशकात मेम्फिस येथील एका स्पर्धेत ते स्वतःच असे एकामागून एक चेंडू पाण्यात घालवून बसले होते. चित्रपटानंतरही असे घडले. १९९८ मध्ये बे हिल येथे जॉन डेली याने सहा चेंडू पाण्यात घालवून एका होलवर १८ फटके घेतले. २०१८ च्या मास्टर्स स्पर्धेत आदल्या वर्षीचा विजेता सर्जिओ गार्सिया याचे पाच चेंडू पंधराव्या होलवर पाण्यात गेले आणि त्याच्या नावावर १३ फटके लागले.

तिसरा आक्षेप मॉलीच्या बाजूने येतो आणि तो अधिक गंभीर आहे. उपचार घेणाऱ्या व्यक्तीच्या प्रेमात पडणे हे कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञाला न शोभणारे. चित्रपट ते हसण्यावारी नेतो. सुरुवातीला स्वतंत्र बुद्धीची वाटणारी ही स्त्री शेवटी सीमारेषेबाहेर उभी राहून नायकाच्या हट्टाला दाद देणारी प्रेक्षक उरते, अशी तक्रार होते आणि ती अवास्तव नाही. रेने रुसोच्या खेळकर अभिनयामुळे ही उणीव झाकली जाते, भरून निघत नाही. १३५ मिनिटांची लांबीही अनेकांना खटकते. मध्यंतरीच्या पैजा आणि भांडणे कापता आली असती, असे त्यांचे म्हणणे. कॉस्टनरविषयी मात्र सहसा दुमत नसते. ‘वॉटरवर्ल्ड’च्या गाजावाजानंतर वर्षभरातच आलेल्या या हलक्याफुलक्या भूमिकेसाठी त्याला गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले होते.

भांडण कोणत्या फटक्याचे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रॉयचे समर्थक आणि टीकाकार एकाच प्रसंगाबद्दल बोलत आहेत असे वाटते. प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या फटक्यांबद्दल बोलत असतात. समर्थकांच्या डोळ्यांपुढे पहिला प्रयत्न असतो, टीकाकारांच्या डोळ्यांपुढे नंतरचे पाच.

पहिल्या प्रयत्नाचे समर्थन खेळाच्या हिशेबानेही करता येते. कोलंबिया विद्यापीठातील मार्क ब्रोडी यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या प्रत्यक्ष फटक्यांच्या नोंदी तपासून मांडलेल्या विश्लेषणाने गोल्फमधील अनेक जुन्या समजुती मोडीत काढल्या. ग्रीनच्या जितके जवळ जाता येईल तितके जाणे बहुतेक वेळा फायद्याचेच असते आणि उगाच अलीकडे थांबण्याची किंमत खेळाडू कमी लेखतात, हा त्यातील एक निष्कर्ष. पाणी समोर असताना हा हिशेब बदलतो हे खरे. तरीही जो खेळाडू ते अंतर पार करू शकतो, त्याने ‘बर्डी’साठी केलेला प्रयत्न वेडेपणाचा ठरत नाही. रॉयचा चेंडू ग्रीनवर पोहोचला होता, आणि सावध खेळणाऱ्या सिम्सलाही चषक मिळाला नाही, ही गोष्ट वादाच्या भरात विसरली जाते.

नंतरच्या पाच प्रयत्नांना मात्र कोणताही हिशेब वाचवू शकत नाही. क्रिकेटचे उदाहरण घेऊ. २००७ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला चार चेंडूंत सहा धावा हव्या असताना मिसबाह-उल-हकने चेंडू यष्टिरक्षकाच्या मागे उचलला आणि श्रीशांतने झेल घेतला. फटका चुकला, डाव संपला. क्रिकेट फलंदाजाला त्याच चुकीची मुभा पुन्हा देत नाही. गोल्फ देते. पिशवीत चेंडू असेपर्यंत खेळाडूला स्वतःचे नुकसान करत राहता येते. त्याला थांबवणारा पंच नसतो, थांबायचे त्याचे त्यानेच.

दिग्दर्शकाने हे सारे जाणून केले आहे. शेल्टन स्वतः चित्रपटांत येण्यापूर्वी बेसबॉलच्या दुय्यम श्रेणीतील व्यावसायिक खेळाडू होते. सर्वोच्च श्रेणीत ते कधी पोहोचले नाहीत. त्यांच्या १९८८ मधील ‘बुल डरहॅम’चा नायकही असाच, गुण असून वरच्या पायरीखाली राहिलेला. अशा माणसाच्या हाती चषक देणे त्यांना खोटे वाटले असावे. म्हणून रॉयला त्याच्या हट्टाची पूर्ण किंमत मोजावी लागते. पदरात पडते ते इतकेच, की वरच्या क्रमांकांत आल्यामुळे पुढच्या वर्षी पात्रता फेरी न खेळता प्रवेश मिळणार असतो. विजेता कोण हे लोक विसरतील, हे बारा फटके विसरणार नाहीत, असे मॉली त्याला समजावते. प्रेक्षकांच्या बाबतीत तिचे भाकीत खरे ठरले आहे, यात शंका नाही.

पण लक्षात राहणे म्हणजे बरोबर असणे नव्हे. १९९९ मध्ये कार्नूस्टी येथील ब्रिटिश ओपनमध्ये फ्रान्सचा ज्याँ व्हॅन द व्हेल्ड शेवटच्या होलवर तीन फटक्यांची आघाडी घेऊन उभा होता. सहा फटके लागले असते तरी तो जिंकला असता. त्याने जोखमीचे फटके निवडले, चेंडू ओढ्यात गेला, बूट-मोजे काढून तो पाण्यात उतरला. सात फटके झाले आणि फेरसामन्यात पॉल लॉरी विजयी झाला. आज लॉरीपेक्षा त्या ओढ्यात उभ्या असलेल्या खेळाडूचे छायाचित्र अधिक ओळखीचे आहे. चषकावर नाव मात्र लॉरीचे आहे, आणि ते तिथेच राहणार आहे.

‘टिन कप’ पाहून भांडणाऱ्या प्रेक्षकांनी म्हणूनच एकमेकांना आधी एवढेच विचारावे : तुम्ही पहिल्या चेंडूबद्दल बोलता आहात की दुसऱ्या? पहिल्यापुरते बहुतेकांचे एकमत व्हायला हरकत नाही. दुसरा चेंडू मागताना रॉयचा हात पुढे होतो, तेथे मात्र प्रत्येकाला स्वतःपुरते उत्तर द्यावे लागते. आणि ते देताना आपण गोल्फविषयीच बोलत असतो असे नाही.