गल्लीचा नकाशा गल्लीच्याच हाती

*कलावंत आणि संशोधक एखाद्या वस्तीत मुक्काम करतात, रहिवाशांसोबत तिच्या गोष्टी गोळा करतात. दिल्लीच्या खिडकी एक्स्टेन्शनमध्ये हे काम दोन दशकांहून अधिक काळ सुरू आहे. पुनर्विकासाच्या उंबरठ्यावरच्या मुंबईने त्यातून काय घ्यावं?*

दक्षिण दिल्लीत साकेतच्या मॉलसमोरचा रस्ता ओलांडला की खिडकी एक्स्टेन्शन लागतं. जवळच फिरोजशाह तुघलकाच्या वजिराने चौदाव्या शतकात बांधलेली खिडकी मशीद आहे. मशिदीलगत जुनं गाव आणि गावच्या शेतजमिनी तुकड्या-तुकड्यांनी विकल्या जाऊन उभी राहिलेली, एकमेकींना खेटलेली बहुमजली घरं. इथे बिहार-उत्तर प्रदेशातले कामगार राहतात, नेपाळी कुटुंबं राहतात, ईशान्येकडचे तरुण राहतात. साकेतच्या मोठ्या रुग्णालयात उपचारासाठी येणारे अफगाण या परिसरात खोल्या घेतात. नायजेरिया, कांगो, सोमालियातून आलेल्यांनीही इथे बिऱ्हाडं थाटली. सरकारी दफ्तरात मात्र या सगळ्याची नोंद दोन शब्दांत संपते : अनधिकृत वसाहत.

ही नोंद खोटी नाही, पण ती फार अपुरी आहे. कोणत्या चहाच्या टपरीवर कोण बसतं, कोणत्या गल्लीतून मुली अंधार पडल्यावर जात नाहीत, कोणता घरमालक कोणाला खोली देत नाही, हे कुठल्याच सरकारी नकाशावर सापडत नाही. वस्ती चालते ती याच माहितीवर.

मुक्काम कशासाठी?

‘खोज’ ही कलावंतांनी उभी केलेली संस्था. १९९७ मध्ये मोदीनगरला भरलेल्या कार्यशाळेपासून तिची सुरुवात झाली आणि २००२ मध्ये तिने खिडकी एक्स्टेन्शनमध्ये आपलं बस्तान बसवलं. आर्ट रेसिडेन्सीची पद्धत साधी असते. निवडलेल्या कलावंताला किंवा संशोधकाला काही आठवडे, कधी काही महिने राहायला जागा, कामाला स्टुडिओ आणि थोडं मानधन मिळतं. शेवटी स्टुडिओची दारं उघडून झालेलं काम लोकांना दाखवलं जातं.

खिडकीत या पद्धतीला एक वेगळं वळण मिळालं. स्टुडिओच्या चार भिंतींबाहेर पाऊल टाकलं की समोर थेट वस्ती. तिच्याकडे पाठ फिरवून काम करणं अवघडच होतं. त्यामुळे शेजारी हेच अनेक प्रकल्पांचे विषय झाले आणि हळूहळू भागीदारही.

याचं ठळक उदाहरण म्हणजे मुंबईच्या शायना आनंद यांनी २००६ मध्ये केलेला ‘खिडकीयान’ हा प्रकल्प. दुकानांत लावतात तसे स्वस्त सीसीटीव्ही कॅमेरे, साधे टीव्ही, मायक्रोफोन आणि केबलवाला ओढतो तशी गच्च्यांवरून ओढलेली वायर, एवढंच साहित्य. वस्तीतल्या चार ठिकाणी प्रत्येकी एक टीव्ही आणि त्याच्यासोबत एक कॅमेरा बसवला. पडद्याचे चार भाग. प्रत्येकात एका ठिकाणची माणसं. चारही ठिकाणचे लोक एकमेकांना पाहू शकत होते, ऐकू शकत होते आणि बोलू शकत होते. प्रश्न विचारायला कोणी निवेदक नव्हता, मधे कॅमेरा फिरवणाराही नव्हता. जेमतेम हाकेच्या अंतरावर राहणारी, पण एकमेकांच्या दारात कधी न गेलेली माणसं पडद्यावर समोरासमोर आली आणि गप्पांना लागली. पाळत ठेवण्यासाठी बनवलेलं यंत्र इथे गप्पांचा पार झालं.

पुढे वास्तुरचनाकार स्वाती जानू यांनी याच वस्तीत ‘फोन रिचार्ज की दुकान’ थाटली. स्थलांतरित मजूर आपल्या फोनच्या मेमरी कार्डात गावाकडची गाणी आणि व्हिडिओ भरून घेतात, त्यातून त्यांचं गाव खिशात राहतं, हे जानू यांच्या अभ्यासाचं सूत्र. प्रश्नावली घेऊन घरोघर फिरण्यापेक्षा दुकान उघडून बसणं केव्हाही शहाणपणाचं. दुकानात माणूस आपल्या कामाने येतो, आपल्या मर्जीने बोलतो.

दंग्यापेक्षा हवामान

जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीचे तत्कालीन कायदामंत्री कार्यकर्त्यांसह मध्यरात्री या वस्तीत आले. आफ्रिकी महिलांना लक्ष्य केल्याच्या आरोपावरून देशभर गदारोळ झाला. त्यानंतर बराच काळ बातम्यांत खिडकीची ओळख तेवढीच उरली. ‘खोज’ने पुढच्या वर्षी भारत आणि आफ्रिका यांच्यातल्या नात्यावर ‘कोरिऑलिस इफेक्ट’ ही रेसिडेन्सी घेतली.

त्यापाठोपाठ मालिनी कोचुपिल्लई आणि महावीर सिंग बिष्ट यांनी ‘खिडकी आवाज’ हे हिंदी-इंग्रजी वृत्तपत्र सुरू केलं. वस्तीतल्या माणसांच्या मुलाखती, चित्रकथा, मोहल्ल्यातल्या बातम्या असा त्यातला मजकूर. मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हवामानाचं सदर. त्यात दिल्लीसोबत पाटणा, काबूल, लागोस अशा शहरांतल्या ऋतूंची खबर असायची. शेजारच्या खोलीतल्या माणसाच्या गावी सध्या थंडी आहे की पाऊस, हे कळल्यावर तो माणूस नुसता ‘परदेशी’ उरत नाही. सलोख्यावरच्या दहा भाषणांनी जे होत नाही, ते असं एक सदर करू शकतं.

गोष्ट कोणाची?

या साऱ्या कामाची खरी कसोटी प्रदर्शनाच्या दिवशी लागत नाही, ती नंतर लागते. वस्तीतून गोष्टी उचलायच्या, त्या दूरच्या दालनात मांडायच्या आणि वस्तीला त्याची खबरही नसावी, असं अनेकदा घडतं. रहिवाशाने दिलेला वेळ, उघड केलेलं दुःख, काढू दिलेला फोटो हे सगळं एकतर्फी देणं ठरतं. म्हणून तीन गोष्टी आधीच ठरायला हव्यात. नोंदवलेलं कोणाच्या ताब्यात राहील? सांगणाऱ्याला आपलं बोलणं मागे घेता येईल का? आणि तयार झालेलं काम त्याच्या भाषेत, त्याच्या दारात परत येईल का? ‘खिडकी आवाज’ वस्तीतच वाटला गेला. ‘खिडकीयान’च्या चित्रफिती ‘पॅडमा’ या खुल्या संग्रहात कोणालाही पाहता येतात. मी या कामाची बाजू घेतो ती यासाठी.

यामागचा विचार मुंबईला नवा नाही. मुंबईत वाढलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी संशोधन हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, अशी मांडणी केली. त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘पुकार’ या संस्थेने वस्त्यांतल्या तरुण-तरुणींना आपल्याच परिसराचा अभ्यास करायला शिकवलं. धारावीत ‘स्नेहा’ या संस्थेने २०१५ मध्ये ‘धारावी बिएनाले’ भरवली. तिथल्या बायकांनी कापडाचे तुकडे जोडून धारावीचा नकाशा शिवला आणि घरातल्या मारहाणीच्या नोंदी त्यावर टाक्यांनी मांडल्या. पोलीस ठाण्यापर्यंत न पोहोचणारं दुखणं त्या कापडावर जागेसकट उमटलं. गिरणगावाच्या बाबतीत नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणी कामगारांच्या तोंडी इतिहासाचं पुस्तक २००४ मध्ये आणलं. तोवर १९८२ च्या संपाला दोन दशकं उलटून गेली होती आणि कित्येक गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहत होते.

धारावीत पुनर्विकासासाठी २०२४ मध्ये घरोघर सर्वेक्षण सुरू झालं. दारांवर क्रमांक पडले. १ जानेवारी २००० ही तारीख धारावीतच मोफत घर कोणाला मिळणार हे ठरवणार आहे. या सर्वेक्षणात झोपडीचा आकार येतो, पुरावे येतात. कुंभारवाड्यात भट्टी कोणाकोणांत मिळून पेटते, माळ्यावर राहणाऱ्या भाडेकरूचं खालच्या कुटुंबाशी काय नातं आहे, हे येत नाही. नव्या इमारतीत कोणाला कोणाशेजारी घर द्यावं, कामाची जागा कुठे ठेवावी, हे ठरवायला नेमकी हीच माहिती लागते. तेव्हा वस्तीच्या गोष्टींचा नकाशा ही कलेची हौस नाही, ती नियोजनाची गरज आहे.

म्हणून मागणी सरळ आहे. मोठ्या पुनर्विकास प्रकल्पाच्या खर्चात वस्तीच्या नोंदींसाठी ठरावीक वाटा असावा. ते काम कलावंत, संशोधक आणि रहिवासी यांनी मिळून करावं, आणि त्याची प्रत त्याच वस्तीतल्या वाचनालयात मराठी-हिंदीत उपलब्ध असावी. तुमची चाळ पुनर्विकासात जाणार असेल, तर मात्र शासनाची वाट पाहू नका. सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय मांडा, कॉलेजातल्या मुलांच्या हाती फोन आहेतच, त्यांना घरोघरच्या वडीलधाऱ्यांकडे पाठवा. घरं रिकामी झाली की माणसं शहरभर पांगतात आणि मग विचारायलाही कोणी सापडत नाही.