फोर्ट्रानच्या अवजारांची निगा

पुण्याच्या पाषाण भागातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मान्सूनच्या अंदाजासाठी चालणाऱ्या मोठ्या मॉडेलांचा गाभा फोर्ट्रानमध्ये लिहिलेला आहे. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीची निरीक्षणं अनेक खगोलशास्त्रज्ञ एआयपीएस या प्रणालीत तपासतात, तीही फोर्ट्रानचीच, १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली. असा कोड टाकून देता येत नाही, कारण त्यात वर्षानुवर्षं पारखलेलं गणित आहे. पण तो लिहिणारी पिढी निवृत्त होत चालली आहे. म्हणून हा कोड तपासणारी, त्यातल्या चुका दाखवणारी, त्याला नवं रूप देणारी अवजारं लागतात. त्यांतली अनेक अवजारंही आता जुनी झाली आहेत. आजच्या यंत्रावर एका आज्ञेत बसतील अशी त्यांची पॅकेजेस करणं आणि ती चालती ठेवणं, हे काम मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. त्याची दखल मात्र फार कमी घेतली जाते.

जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ मध्ये आयबीएम ७०४ साठी फोर्ट्रान आणली, तेव्हा प्रोग्रॅम पंचकार्डांवर असे. कार्डावर ८० स्तंभ. पहिले पाच विधानाच्या क्रमांकासाठी, सहावा मागची ओळ पुढे चालू असल्याच्या खुणेसाठी, सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत प्रत्यक्ष विधान. उरलेल्या आठांकडे कंपायलर पाहत नाही. या जुन्या मांडणीत मोकळ्या जागेला काही अर्थ नाही. त्यामुळे ‘डू १० आय = १, ५’ हे लूप लिहिताना स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडलं, तर लूप नाहीसं होतं आणि ‘डू१०आय’ नावाच्या एका नव्याच चलाला १.५ ही किंमत मिळते. चल आधी जाहीर करण्याची सक्ती नसल्यामुळे कंपायलर कुरकुरही करत नाही.

अशा चुका पकडण्याची धडपड जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये बार्बरा रायडर यांचा ‘पीफोर्ट व्हेरिफायर’ १९७४ मध्ये तयार होता. प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावरही चालेल की नाही, हे तो तपासायचा. तिथेच ब्रेंडा बेकर यांनी ‘गोटू’ या उडी मारणाऱ्या आज्ञांच्या जंजाळातून लूप आणि अटी शोधून काढणारा ‘स्ट्रक्ट’ लिहिला. त्यामागची रीत त्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. आज जिला आपण कोडचं आधुनिकीकरण म्हणतो, ती कल्पना इतकी जुनी आहे.

पुढे फोर्डहॅम विद्यापीठातल्या रॉबर्ट मोनियट यांनी ‘एफटीएन-चेक’ दिलं. ते प्रोग्रॅम चालवत नाही, नुसतं वाचतं: कोणत्या चलाला किंमत दिली पण ते कुठेच वापरलं नाही, कोणत्या सबरूटीनला एका ठिकाणी पूर्णांक आणि दुसऱ्या ठिकाणी दशांश संख्या पाठवली, एकच कॉमन ब्लॉक, म्हणजे अनेक सबरूटीनांची सामायिक जागा, दोन फायलींत वेगवेगळा कसा मांडला आहे. वरचं ‘डू१०आय’ त्याच्या नजरेतून सुटत नाही. डेबियन या लिनक्स वितरणाने हे अवजार पॅकेज करून ठेवलं, म्हणून ते आजही सहज बसवता येतं.

पॅकेज करणं म्हणजे फायली एकत्र बांधणं, असा समज असेल तर ‘एफ-टू-सी’चं उदाहरण पाहावं. फोर्ट्रान ७७ चा कोड सी भाषेत आणणारं हे अवजारही बेल लॅब्जच्या परिवारातलं, १९९० चं. त्याच्या हेडर फायलीत फोर्ट्रानचा पूर्णांक म्हणजे सीमधला ‘लाँग’ असं धरलं होतं. ३२-बिट यंत्रांवर दोन्ही चार बाइटचे, त्यामुळे काही अडलं नाही. ६४-बिट लिनक्सवर लाँग आठ बाइटचा झाला. फोर्ट्रानचा नियम मात्र असा की साधा पूर्णांक आणि साधी दशांश संख्या यांनी सारखीच जागा घ्यायची; कॉमन आणि एकाच जागेला दोन नावं देणारं इक्विव्हॅलन्स यांची सगळी मांडणी त्यावर उभी असते, आणि आठ बाइटच्या पूर्णांकाने ती मोडते. दुरुस्ती दिसायला लहान, ‘लाँग’च्या जागी ‘इंट’. पण ती कुठे करायची आणि का करायची हे कळायला १९७७ चं मानक, सी भाषा आणि आजचा प्रोसेसर या तिन्हींची जाण लागते. डेबियनच्या पद्धतीत असा बदल मूळ कोडमध्ये मिसळून टाकत नाहीत. तो वेगळ्या पॅच-फायलीत, कारणासह ठेवतात. पुढच्याला तो वाचता येतो, हवा तर काढता येतो. या शिस्तीबद्दल मला मनापासून आदर आहे.

परवान्याचं काम रुक्ष आहे, पण टाळता येत नाही. एसीएम या संगणकशास्त्राच्या संस्थेच्या नियतकालिकातले प्रसिद्ध अल्गोरिदम कोणालाही उतरवून घेता येतात, मात्र त्यांतल्या बहुतेकांच्या परवान्यात व्यावसायिक वापराला मुभा नाही; डेबियनच्या मुख्य भांडारात त्यांना जागा मिळत नाही. म्हणून पॅकेज करणाऱ्याला प्रत्येक फाइल कोणाची आणि कोणत्या अटीवर दिलेली, हे उलगडत बसावं लागतं.

नव्या अवजारांत केंब्रिजमध्ये सुरू झालेलं ‘कॅमफोर्ट’ मला विशेष वाटतं. प्रोग्रॅममध्ये मीटरमध्ये सेकंद तर मिळवले जात नाहीत ना, हे ते तपासतं. कॉमन ब्लॉक काढून त्यांच्या जागी मॉड्यूलही आणतं. ते हास्केलमध्ये लिहिलेलं असल्यामुळे त्याच्यामागे हास्केल लायब्ररींची लांब रांग येते. ‘फाइंडेंट’ त्या मानाने आटोपशीर: कार्डाच्या मांडणीतला कोड मोकळ्या मांडणीत आणतं आणि नीट समासात बसवतं.

२०२० मध्ये जीसीसी या कंपायलरची १० वी आवृत्ती आली आणि जुळत नसलेल्या आर्ग्युमेंटांना तिने इशाऱ्याऐवजी थेट चूक ठरवलं. जुनी पॅकेजेस बांधली जाईनात. एक पर्याय दिला की कंपायलर पुन्हा सौम्य होतो, आणि पुष्कळांनी तेच केलं. एफटीएन-चेक अशाच विसंगती कितीतरी आधीपासून दाखवत आलं होतं. आधी ते चालवावं, त्याने दाखवलेली प्रत्येक जागा पाहावी, आणि जिथे विसंगती मुद्दाम ठेवलेली आहे तिथेच तो पर्याय द्यावा, असं माझं मत आहे.

सर्वांत जास्त वेळ चाचण्यांत जातो. काही प्रोसेसर गुणाकार आणि बेरीज एकाच फटक्यात करून एकदाच पूर्णांकन करतात, त्यामुळे उत्तराचा शेवटचा अंक बदलतो. नवं रूप दिलेल्या कोडचं उत्तर मूळ उत्तरापासून इतकंच सरकलं, तर ते प्रोसेसरमुळे की रूपांतरात झालेल्या चुकीमुळे? ऑप्टिमायझेशन बंद करून दोन्ही आवृत्त्या एकाच यंत्रावर बांधाव्यात आणि मधल्या किंमती एकेक करून ताडून पाहाव्यात. चाचणीत फरकाला दिलेली सूट त्यानंतरच वाढवावी, आणि ती किती व का वाढवली हे पॅचमध्ये लिहून ठेवावं.