घरचा हलता नरकासुर

आश्विन वद्य चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपलें कीं अंगणांत कारीट पायाखालीं फोडण्याची चाल आपल्या पुष्कळ घरांतून आहे. तें इवलेंसें कडू फळ म्हणजे नरकासुर, असें वडील माणसें मुलांस सांगतात. गोमंतकांत मात्र एवढ्यावर भागत नाहीं. तेथें आदल्या रात्रीं वाड्यावाड्यांतून बांबू, गवत व रंगीत कागद यांचा धिप्पाड नरकासुर उभा राहतो, रात्रभर मिरवितो, आणि उजाडण्यापूर्वीं त्याचें दहन होतें. अलीकडे यांतील कित्येक राक्षस मान वळवितात, हात उगारतात. पुण्याच्या गणेशोत्सवांतील हलते देखावे हे याच विद्येचे भाऊबंद होत. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलें 31 ऑक्टोबरच्या हॅलोवीन सणास दारापुढें हलते सांगाडे उभे करितात, तीहि जात हीच. हा सण मूळचा आयर्लंड व स्कॉटलंड या देशांतला. एकोणिसाव्या शतकांत तेथून गेलेल्या वसाहतवाल्यांनीं तो अमेरिकेंत रुजविला. अशा बाहुल्यांस गति देणारी मोटार बहुधा भंगारांतूनच आलेली असते. तेव्हां आपल्या घरीं मुलांस हाताशीं घेऊन असा एक राक्षस कसा करावा, याचा येथें विचार करूं.

आरंभीं एक प्रश्न सोडविला पाहिजे. भय कशानें वाटतें? अहिल्यानगर (पूर्वींचा अहमदनगर) जिल्ह्यांतील नेवासें तालुक्यांत शनिशिंगणापूर हें गांव आहे. तेथील शनिदेव म्हणजे उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली एक काळी शिळा. तीस डोळे नाहींत, हात नाहींत, वर छप्परहि नाहीं. तरीहि चोरी करणारास तो देव शासन केल्यावांचून राहत नाहीं, या श्रद्धेनें त्या गांवांतील घरांस परंपरेनें दारें नसत. आणि 2011 सालीं तेथें जी बँकेची शाखा उघडली, तीहि दारास कुलूप न लावण्याबद्दल प्रसिद्धीस आली. भय उपजविण्यास आक्राळविक्राळ चेहरा लागतोच असें नाहीं, हें यावरून दिसेल. शिवाय 'शनैश्चर' या शब्दाचा अर्थच सावकाश चालणारा असा आहे. एका राशींत अडीच वर्षें, आणि सूर्याभोंवतीं एक फेरा पुरा करावयास सुमारें साडेएकोणतीस वर्षें, अशी या ग्रहाची चाल! साडेसातीचा धाक आहे तो या मंदगतीचाच. आमच्या मतें हलता राक्षस करणारानें हाच धडा घ्यावा. भराभर हात उडविणारा नरकासुर पाहून मुलें खदखदां हंसतात; तोच हळूच मान वळवून आपणांकडे पाहूं लागला, कीं सारें अंगण चिडीचूप होतें.

आतां अडचण ही कीं, विजेची मोटार स्वभावतःच उतावळी. स्वयंपाकघरांतील मिक्सरची मोटार मिनिटास हजारों फेरे घेते आणि थोडा वेळ चालण्यापुरतीच घडविलेली असते. ती या कामास निरुपयोगी समजावी. सर्वांत गुणाची म्हणजे मोटारगाडीची कांच पुसणाऱ्या वायपरची. जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत ती मिळते. तिच्या पोटांतच मळसूत्री दांडी व दांत्याचें चाक बसविलेलें असल्यामुळें ती मिनिटास सुमारें 40 ते 65 फेरेच घेते, पण जोर मोठा असतो. ती 12 व्होल्टवर चालते. 6 व्होल्ट दिल्यास वेग जवळजवळ निम्मा होतो. मोबाईलच्या चार्जरनें मात्र ती चालावयाची नाहीं, कारण तिला विजेचा प्रवाह पुष्कळ लागतो. मायक्रोवेव्ह भट्टींतील तबकडी फिरविणारी चिमुकली मोटार याहूनहि संथ : मिनिटास पांचसहा फेरे. सुरू होतांना ती कधीं उजवीकडे, तर कधीं डावीकडे वळते, हा तिचा लहरीपणा राक्षसाच्या मानेस शोभतो. परंतु ओझें हलकें हवें. पातीं काढून टाकलेला, मान डोलविणारा टेबलपंखा तर आयताच राक्षस आहे. त्याच्या जाळीवर कागदी मुखवटा बांधला कीं काम झालें.

नुसत्या गोल फिरण्यानें हात उगारला जात नाहीं. त्यासाठीं मोटारीच्या आंसावर दोन इंच लांबीची पट्टी बसवावी व तिच्या टोंकाशीं एक काठी सैल खिळ्यानें जोडावी. काठीचें दुसरें टोंक चार इंच मागेंपुढें सरकूं लागतें. तें राक्षसाच्या दंडास खांद्याजवळ जोडलें, कीं हात वर जातो आणि खालीं येतो. हाताच्या मागील बाजूस तोलापुरतें वजन बांधावें, म्हणजे मोटारीस निम्मेंच कष्ट पडतात. वेग आणखी उतरवावयाचा तर सायकलचें जुनें चाक उपयोगी पडतें. मोटारीवर दोन इंच व्यासाची कप्पी आणि पट्ट्यानें जोडलेलें सव्वीस इंची चाक, एवढ्यानें वेग तेरा पटींनीं उतरतो आणि घर्षणांत जाईल तेवढें सोडून जोर त्याच मानानें वाढतो. त्रैराशिक शिकणाऱ्या मुलास हें गणित वहीवर करावयास सांगावें, आणि मग घड्याळ लावून फेरे मोजावयास लावावें.

येथें आम्ही गृहस्थांस व गृहिणींस कांहीं गोष्टी आग्रहपूर्वक सांगूं इच्छितों. मायक्रोवेव्ह भट्टी घरीं कोणींहि उघडूं नये. तींतील विद्युत्संचयक हजारों व्होल्टचा भार धरून ठेवतो. दांडा भिंतींतून उपटल्यावरहि तो कांहीं काळ प्राणघातक राहतो. तबकडीची मोटार हवी असल्यास दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडून सुटी मागून घ्यावी, आणि ती किंवा पंखा घरच्या 230 व्होल्टवर चालवावयाचा असेल तर जोडणी जाणत्या माणसाकडूनच करवावी. मुलांच्या हातीं द्यावयाची ती 12 व्होल्टची वायपरची मोटारच. तिच्याहि बॅटरीच्या तारेंत फ्यूज घालावा, कारण हात कोठें अडकला तर तार तापून लाल होते, आणि भोंवतीं असतें वाळलेलें गवत. दहन करावयाचें असेल तर आधीं मोटार, तारा व बॅटरी काढून घ्याव्या. आगींत पडलेली बॅटरी फुटते. काढून ठेवलेली मोटार पुढच्या वर्षीं पुन्हां कामास येते, हा आणखी एक लाभ.

कोणी विचारील, बाजारांत तयार भुतें मिळत असतां एवढा खटाटोप कशाला? याचें उत्तर जुन्या ग्रंथांत उलट्या बाजूनें सांपडतें. अकराव्या शतकांतील धारच्या भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथाच्या 31व्या अध्यायांत नाचणाऱ्या बाहुल्या, लाकडी पक्षी, दारावरचे यांत्रिक पहारेकरी यांचें वर्णन आहे. परंतु यंत्रांची घडण ग्रंथकारानें उघड केली नाहीं. ती गुप्त राहावी म्हणून, अज्ञानामुळें नव्हे, असें तो स्पष्ट बजावतो. राजसभेंत तें योग्यच होतें, कारण कळ दिसली कीं दरारा गेला.

घरांत आपणांस नेमकें हेंच हवें असतें. आजोबांनीं कप्पीचें माप काढावें, काकूंनीं खळीनें कागदाचे थर चढवावे, आणि स्क्रू पिळण्याचें काम मुलग्यांइतकेंच मुलींसहि द्यावें. अंधाराला बिचकणारें घरांतील सर्वांत धाकटें पोर असेल, त्यास तर मुद्दाम राक्षसाच्या पाठीमागें बसवावें आणि बटण त्याच्या हातीं द्यावें. समोरच्या मंडळींस मुखवटा दिसतो; त्याला वायपरची मोटार, सायकलचें चाक आणि तोलासाठीं बांधलेली वीट दिसते. ज्या भयाच्या पोटांत एकदां डोकावून पाहिलें, तें पुन्हां तसें छळत नाहीं. म्हणून नरकासुराची पाठ उघडीच ठेवावी, तिला दार करूं नये.