विजेवर चालणारे पडदे आणि खिडकीचे मापन : डहाणू-तलासरी परिसराच्या संदर्भात

खिडकीचे माप घेणे हे काम वरवर पाहता इतके साधे वाटते की, त्यात काही शास्त्र असेल अशी शंकाही कोणास येत नाही. तथापि गुंडाळी पडदा विजेच्या मोटरीने चालवावयाचा असेल, तर मापातील सेंटिमीटरभर चूकही पडदा निकामी करण्यास पुरेशी होते. हाताने दोरी ओढणाऱ्यास कापड घासू लागल्याचे तत्काळ जाणवते व तो थांबतो. साध्या मोटरीस ही जाणीव नसते. ती ठरवून दिलेल्या वरच्या व खालच्या मर्यादांपर्यंत नळी फिरवीत राहते, आणि कापडाची कड झिजते वा चुरगळते.

प्रथम पडदा कोणत्या खिडकीस हवा, याचा निर्णय केला पाहिजे. डहाणूचे अक्षांश सुमारे २० अंश उत्तर आहेत. विषुवदिनी मध्यान्हीचा सूर्य तेथे क्षितिजापासून ७० अंशांवर असतो. म्हणून दक्षिणेकडील खिडकीवर ६० सें.मी. रुंदीचा छज्जा असल्यास त्याची सावली सुमारे १६५ सें.मी. खालपर्यंत पोहोचते आणि खिडकी बहुधा संपूर्ण झाकली जाते. समुद्राकडे तोंड असलेल्या पश्चिमेच्या खिडकीची गोष्ट निराळी. त्याच दिवशी सूर्यमानाप्रमाणे दुपारी चार वाजता, म्हणजे घड्याळात सुमारे पावणेपाच वाजता, तोच छज्जा जेमतेम ३२ सें.मी. सावली देतो. उरलेल्या भागातून ऊन थेट आत येते. यास्तव या भागात पडद्याची खरी गरज पश्चिमाभिमुख खिडक्यांना आहे.

आता मापनाकडे वळू. पडदा गाळ्याच्या आत बसवावयाचा असल्यास रुंदी वर, मध्ये व खाली अशी तीन ठिकाणी पोलादी मोजपट्टीने मोजून सर्वांत लहान आकडा घ्यावा. उंचीही तीन ठिकाणी मोजावी. मात्र तेथे सर्वांत मोठा आकडा ग्राह्य धरावा, कारण जादा कापड नळीवर गुंडाळलेले राहू शकते, तोकडे कापड वाढविता येत नाही. गाळ्याची खोली नळी व कंस सामावण्याइतकी आहे की नाही, हे पाहावे. वरची कड पाणसळीने तपासावी. नळी तिरपी बसल्यास कापड गुंडाळताना एका बाजूस सरकत जाते. विजेची जोडणी कोणत्या बाजूस आहे, हेही मापासोबतच नोंदवावे. शेवटी, कारखान्यास कळविलेले माप गाळ्याचे आहे की तयार पडद्याचे, हे स्पष्ट लिहावे. अन्यथा मोकळीक दोनदा वजा होऊन पडदा अरुंद येतो.

एवढी दक्षता अन्यत्र पुरते. डहाणू व तलासरी तालुक्यांत ती पुरत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपासच्या प्रदेशात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यांपैकी एका धक्क्याची प्रत ४.१ होती. कारवीच्या कुडाच्या भिंती अशा हादऱ्यांत काहीशा लवतात. विटांच्या भिंतींना तडे जातात, आणि ताण दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांशी एकवटत असल्यामुळे ते बहुधा तेथूनच तिरपे निघतात. त्यायोगे गाळा गुण्यात राहत नाही.

हा दोष तीन ठिकाणच्या रुंदीतून कळत नाही, ही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट होय. १२० सें.मी. रुंद व १५० सें.मी. उंच अशा गाळ्याचे दोन्ही कर्ण १९२.१ सें.मी. भरतात. त्याची वरची बाजू १ सें.मी. आडवी सरकली, तर रुंदी सर्वत्र १२० सें.मी.च राहते, परंतु एक कर्ण १९२.७ व दुसरा १९१.५ सें.मी. होतो. पडदा मात्र ओळंब्यात लोंबतो. त्यामुळे त्यास मिळणारी वास्तविक रुंदी ११९ सें.मी.च असते, व नेहमीची मोकळीक त्यातून वजा करावी लागते. म्हणून दोन्ही कर्ण मोजणे व बाजूंना ओळंबा लावणे येथे अपरिहार्य ठरते. फरक मोठा असल्यास पडदा गाळ्याबाहेर, भिंतीवर, दोन्ही बाजूंस पुरेसा अधिक रुंद घेऊन बसवावा. मात्र कंसाचे खिळे तडा गेलेल्या गिलाव्यात नव्हे, तर भक्कम भागात पक्के करावेत.

मागणी नोंदविताना घेतलेले कर्ण तारखेसह लिहून ठेवून पडदा बसविण्यापूर्वी ते पुन्हा मोजावेत. दोन्ही वेळचे आकडे जुळले, तर काम निर्वेधपणे पुढे न्यावे. ते मोजण्यातील चुकीपेक्षा अधिक बदललेले आढळले, तर प्रश्न पडद्याचा राहत नाही. भिंत हलत आहे असा त्याचा अर्थ संभवतो, आणि अशा वेळी पडदेवाल्याऐवजी स्थापत्य अभियंत्यास पाचारण करणे उचित होय. दोन कर्णांची ही नोंद करण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. परंतु ज्या घरात माणसे रात्री निजतात, त्या घराच्या प्रकृतीची ती एक विश्वसनीय खूण ठरू शकते.