पुणे, बॅडमिंटन आणि ब्रुक स्ट्रीटचा खेळणीवाला

बॅडमिंटनचा जन्म पुण्यात झाला, हे आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून लहानपणापासून वाचत आलो. छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी इथे खेळ रचला, रजेवर जाताना तो विलायतेला नेला, १८७३ साली ग्लॉस्टरशायरमधल्या ड्यूक ऑफ बोफर्टच्या वाड्यात मेजवानीला आलेल्या पाहुण्यांना खेळून दाखवला, आणि 'बॅडमिंटन हाउस' या वाड्याचं नाव खेळाला चिकटलं, अशी ती कथा. मी अनेक वर्षं या कथेच्या मागे आहे. तिच्यात खोटं फारसं नाही, पण तिचा क्रम चुकलेला आहे. आणि या चुकलेल्या क्रमाखाली एक माणूस दडपला गेला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. पिसांचं फूल फळीने हवेत उडवत ठेवण्याचा खेळ युरोपात फार जुना. फ्रेंच चित्रकार शार्दँ याने १७३७ साली रंगवलेल्या मुलीच्या एका हातात रॅकेट आहे आणि दुसऱ्या हातात फूल. इंग्लंडमध्ये याला 'बॅटलडोर अँड शटलकॉक' म्हणत. बॅटलडोर म्हणजे चामडं ताणून बसवलेली लांब दांड्याची फळी. बॅडमिंटन हाउसमध्ये अशा जुन्या फळ्या जपून ठेवल्या आहेत आणि त्यांतल्या काहींवर घरातल्या मंडळींनी आपले विक्रम शाईने लिहून ठेवले आहेत. १८३० सालच्या एका नोंदीत फूल खाली न पाडता मारलेल्या टोल्यांचा आकडा दोन हजारांच्या वर गेला आहे.

या नोंदी मला फार मोलाच्या वाटतात. दोघांनी मिळून केलेल्या विक्रमांच्या त्या आहेत. समोरच्याला फूल सहज परतवता यावं असं मारायचं, हा त्या खेळाचा आत्मा होता. बॅडमिंटनमध्ये नेमकं उलट असतं. समोरच्याला फूल परतवताच येऊ नये यासाठी सगळी धडपड. दोन्ही खेळांत फूल तेच, हात तेच. फरक पडला तो मधोमध दोरी बांधल्यामुळे. म्हणून 'खेळ कोणी शोधला' यापेक्षा 'दोरी कोणी बांधली' हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

वाड्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगतात. पावसाळी दिवसांत ड्यूकची मुलं दिवाणखान्यात कोंडली गेली, भिंतींवरच्या चित्रांना धक्का लागू नये म्हणून त्यांनी हलकं फूल घेतलं आणि मध्ये दोरी ताणली. त्या दिवाणखान्याच्या मापावरूनच आजचं ४४ फूट बाय २० फुटांचं कोर्ट आलं, असंही म्हणतात. गोष्ट गोड आहे, पण तिला त्या काळातल्या कागदाचा आधार नाही.

कागद सापडतो तो लंडनमध्ये, ब्रुक स्ट्रीटवर. तिथे आयझॅक स्प्रॅट नावाचा खेळणी विकणारा व्यापारी होता. १८६० साली त्याने 'बॅडमिंटन बॅटलडोर – अ न्यू गेम' या नावाची पुस्तिका काढली. शीर्षकातच बॅडमिंटन आहे, बॅटलडोर आहे आणि 'नवा खेळ' असंही म्हटलं आहे. साल १८६०, म्हणजे वाड्यातल्या त्या प्रसिद्ध मेजवानीच्या तेरा वर्षं आधी. १८७३ साली पुण्याचे अधिकारी वाड्यात पोचले तेव्हा हे नाव लंडनच्या दुकानात छापून विक्रीला आलेलं होतं. पुढे १८६३ साली 'कॉर्नहिल मॅगझिन'मध्ये बॅडमिंटनचं वर्णन आलं: दोन बाजू पाडून, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर बांधलेल्या दोरीवरून खेळायचा बॅटलडोर. आज जागतिक स्पर्धेतलं जाळंसुद्धा मधोमध बरोबर पाच फुटांवर असतं. रॅकेट बदलली, फूल बदललं, गुण मोजण्याची रीत कितीदा बदलली. ती उंची मात्र राहिली.

दुर्दैव असं की स्प्रॅटच्या पुस्तिकेची एकही प्रत आज उपलब्ध नाही. उरलं आहे फक्त नाव आणि साल.

स्प्रॅटबद्दल आणखी शोधायला गेलं की तो बॅडमिंटनमध्ये नाही, क्रोकेच्या इतिहासात भेटतो. लाकडी हातोड्याने चेंडू कमानींतून काढायच्या या खेळाचे सर्वांत जुने उपलब्ध नियम त्याच्याच नावावर आहेत. नोव्हेंबर १८५६ मध्ये त्याने ते लंडनच्या स्टेशनर्स कंपनीत नोंदवले आणि ती नोंद ब्रिटिश सरकारी दफ्तरात टिकली. त्याची हकीकत प्रायर नावाच्या लेखकाने १८७२ साली लिहून ठेवली. मिस मॅक्नॉटन नावाच्या बाईंनी आयर्लंडमध्ये नुकताच आलेला हा खेळ स्प्रॅटला दिला. काही वर्षं तो त्याच्याकडे तसाच पडून राहिला. शेवटी त्याने तो जॉन जॅक्सला विकून टाकला. क्रोके घरोघरी पोचवण्याचं श्रेय आणि पैसा दोन्ही जॅक्सकडे गेले.

लोक आपापल्या अंगणात जे खेळत होते ते हेरायचं, त्याला नियम आणि नाव द्यायचं, साहित्यासकट विकायला ठेवायचं, हा स्प्रॅटचा धंदा होता. त्याने बॅडमिंटन 'शोधलं' असं मी म्हणणार नाही; क्रोकेही त्याने शोधलं नव्हतं. पण घरगुती करमणूक छापील नियमांत बसवणारा माणूस खेळाच्या इतिहासात ड्यूकइतकाच मोठा असायला हवा. ड्यूकचा वाडा आहे, कर्नलांच्या पलटणी आहेत. खेळणीवाल्याच्या मागे कोणी नाही, म्हणून तो राहून गेला.

मग पुण्याचं काय? पुण्याचं देणं खरं आहे आणि ते कमी नाही. लष्करी अधिकाऱ्यांत हा खेळ इतका रुजला की त्याला 'पूना' असंच म्हणू लागले, आणि १८७३ च्या सुमारास त्याचे नियम पुण्यात लिहिले गेले. खेळाचा जन्म इथे झाला नाही, त्याची मुंज इथे झाली. निवृत्त होऊन मायदेशी गेलेल्या अधिकाऱ्यांनी फोकस्टनला १८७५ पर्यंत क्लब काढला, पुढे बाथच्या क्लबने नियम पुन्हा लिहिले, आणि १३ सप्टेंबर १८९३ रोजी कर्नल डॉल्बी यांच्या साउथसीच्या घरी इंग्लंडची बॅडमिंटन संघटना स्थापन झाली. कोर्ट तेव्हा मध्ये अरुंद आणि टोकांना रुंद, वाळूच्या घड्याळासारखं असे. १९०१ साली ते सरळ चौकोनी झालं.

वाऱ्यापावसात फुलाऐवजी लोकरीचा गोळा वापरायचा, ही हिंदुस्थानातल्या खेळाडूंची खास रीत. हा धागा थेट तंजावरला पोचतो. लोकरीच्या चेंडूचा 'बॉल बॅडमिंटन' तंजावरच्या भोसले राजघराण्यात १८५६ च्या सुमारास खेळत, असं सांगितलं जातं. शेवटचे राजे शिवाजी १८५५ साली वारले आणि पुरुष वारस नाही म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने गादी खालसा केली. सांगितलेलं साल बरोबर असेल, तर राज्य गेलेल्या मराठी घराण्याच्या अंगणात, स्प्रॅटच्या पुस्तिकेच्या आधी, लोकरीचा चेंडू उडत होता. तो खेळ आजही दक्षिणेत जिवंत आहे: एका बाजूला पाच खेळाडू, २४ बाय १२ मीटरचं कोर्ट, २७ ते ३० ग्रॅमचा चेंडू. आपल्याकडे त्याची दखलही घेतली जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

चेंडूकडून पुन्हा फुलाकडे वळलं, तर त्याची कारागिरी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. सोळा पिसं, वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम, बुडाला बुचाच्या लाकडाची टोपी. एका फुलातली सगळी पिसं पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखातली लागतात; डावी-उजवी मिसळली तर त्यांचे बाक जुळत नाहीत आणि फूल सरळ फिरत नाही. हवेचा अडथळा इतका की फूल कितीही उंचावरून सोडलं तरी ते सेकंदाला सात मीटरच्या आतबाहेरच वेग धरतं. त्याच फुलाला सात्त्विक रंकीरेड्डीने २०२३ साली जपानमध्ये झालेल्या चाचणीत ताशी ५६५ किलोमीटरचा वेग दिला. बंगालमध्ये हावडा जिल्ह्यातल्या उलुबेरियाजवळ जदुरबेरियाला आजही घराघरांत बदकाची पिसं निवडून, कातरून, दोऱ्याने बांधून फुलं होतात. नायलॉनच्या फुलांनी आणि हंसाच्या पिसांनी त्यांचा बाजार खाल्ला आहे.

महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला खरा अभिमान १९५६ चा आहे. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर क्वालालंपूरची सेलंगोर स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. ते निर्विवाद आहे, जन्मस्थानाच्या दाव्यासारखं डळमळीत नाही.

पुण्याच्या नियमांची बाजू मात्र अजून बळकट करता येईल. पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर इथल्या जुन्या जिमखान्यांच्या, लष्करी क्लबांच्या किंवा घरच्या ट्रंकांत १८७० च्या दशकातली नियमपत्रिका, साहित्याची बिलं, लोकरीच्या गोळ्याने खेळतानाचं छायाचित्र असं काही असेल, तर ते रद्दीत घालू नका. त्याची एक छायाप्रत या अंकाच्या पत्त्यावर पाठवा.